आधी पान मोजा, मग आलेख काढा

नांदेडला संख्याशास्त्राच्या मुलांकडून ‘आर’ या संगणकभाषेत आलेख काढून घेताना मला पटत गेलेल्या या गोष्टी.

१. प्रबंधाचं पान ए-फोर, २१० बाय २९७ मिलिमीटर. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे एक इंच सोडला की आलेखाला जेमतेम पावणेसहा इंच उरतात. ही रुंदी पहिल्या दिवशीच ठरवा आणि आलेख जतन करणाऱ्या जीजीसेव्ह या आज्ञेत रुंदी-उंची स्वतः लिहा. ती लिहिली नाही, तर त्या क्षणी स्क्रीनवर खिडकी जेवढी असेल तेवढंच माप उचललं जातं.

२. अक्षरांचं माप पॉइंटमध्ये ठरलेलं असतं. दहा इंची चित्र वर्डमध्ये पाच इंचांवर आणलं, की ११ पॉइंटची अक्षरं साडेपाचची होतात. मराठी नावं असतील तर रफार आणि अनुस्वार सगळ्यात आधी दिसेनासे होतात.

३. आलेखाची उंची-रुंदी बदलली की डोळ्यांना दिसणारी गोष्टच बदलते. लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणाचा अनेक वर्षांचा साठा उभट चौकटीत काढून बघा. चढ आणि उतार दोन्ही सारखेच खडे दिसतील. तोच आलेख बुटका, लांबलचक करा. धरण पावसाळ्यात झपाट्यानं भरतं आणि पुढे महिनोन्‌महिने हळूहळू रितं होतं, हे लगेच कळतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. ती वेळ कशी येत गेली, हे त्या लांब उतारावरच वाचता येतं. विल्यम क्लीव्हलंड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला: रेषांचा कल सरासरी ४५ अंशांच्या आसपास असला, तर चढ-उतारांतला फरक डोळ्यांना सर्वांत नीट कळतो. ‘आर’च्या लॅटिस पॅकेजमध्ये आस्पेक्टला ‘एक्सवाय’ दिलं की प्रमाण याच तत्त्वावर निघतं. मुलांनी हा निबंध वाचावाच, असं माझं ठाम मत आहे.

४. नकाशाला मात्र ही मोकळीक नाही. लातूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर, तर अक्षांशाचा सुमारे १११. लातूर जिल्ह्यातल्या, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची गावं मांडताना हे प्रमाण बांधलं नाही, तर नकाशा चौकटीभर ताणला जातो आणि गावांमधली अंतरं खोटी ठरतात. जीजीप्लॉटमधलं कोऑर्ड-क्विकमॅप ते बांधून देतं.

५. नांदेडला पाऊस लातूरपेक्षा जास्त. दोन्हींचे आलेख शेजारी ठेवून उभा अक्ष ‘फ्री’ सोडला, म्हणजे प्रत्येक आलेखाला स्वतःचं माप घेऊ दिलं, की तो फरक पुसला जातो. पावसाची तुलना दाखवायची असेल, तर हे ‘फ्री’ आधी काढून टाका.