जमिनीखालची वाफ : कोठे आहे, कोठे नाही



गेल्या दोन हंगामांत गटवार मेळाव्यांना गेलो, की लागणीच्या आणि खोडव्याच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, आमची बोअर आठशे फूट आहे. पहाटे मोटार चालू केली की पाणी कोमट लागते. म्हणजे खाली वाफ आहे म्हणा की! मग कारखान्याने त्यावर वीज का करू नये?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रात्रीच्या पाळीची लाईट, अंधारात उसात शिरून दारे धरणे, साप आणि बिबट्याची धास्ती हे ज्याने भोगले आहे तोच असा प्रश्न विचारतो. सूर्याची वीज दिवसा मिळते, बगॅसची वीज हंगामात मिळते. जमिनीखालच्या उष्णतेची वीज मात्र रात्रंदिवस, बारा महिने मिळू शकते. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले, तेव्हापासून ही चर्चा वाढली आहे. उद्या कोणी योजना घेऊन दारात आला, तर तिचे गणित आपल्याला मांडता आले पाहिजे. कारखान्याचा पैसा म्हणजे शेवटी आपल्याच उसाच्या बिलातला पैसा. म्हणून हा विषय आम्ही येथे मुळापासून मांडत आहोत.

पृथ्वीच्या पोटातील उष्णता

पृथ्वीचा गाभा अतिशय तप्त आहे. शिवाय खडकांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचे किरणोत्सारी अंश असतात. त्यांच्या विघटनानेही सतत उष्णता तयार होते. ही उष्णता हळूहळू वर येत असते. त्यामुळे जसजसे खाली जावे तसतसे तापमान वाढते. साधारण प्रदेशात ही वाढ दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस एवढी असते.

आता याच हिशेबाने आपली बोअर बघा. आपल्या भागात जमिनीच्या वरच्या थरातील पाणी साधारण २७ अंशांचे धरू. आठशे फूट म्हणजे सुमारे २४५ मीटर. तेवढ्या खोलीला वाढ होते ६ ते ७ अंशांची. म्हणजे अगदी तळातून पाणी आले तरी ते ३३-३४ अंशांचे असणार. थंडीत पहाटे बाहेरची हवा १२-१५ अंशांवर असते, त्यामुळे तेच पाणी हाताला गरम वाटते आणि वैशाखात दुपारी गार वाटते. पाणी तेच, फरक आपल्या हाताचा. आपल्या वाडवडिलांनी धान्यासाठी पेव खणले ते हेच ओळखून. जमिनीच्या पोटात ऋतू फारसा पोचत नाही.

मग १०० अंशांचे पाणी मिळवायला किती खोल जावे लागेल? याच दराने अडीच ते तीन किलोमीटर, म्हणजे आठ ते साडेनऊ हजार फूट. आपल्याकडच्या बोअरच्या गाडीचे हे काम नव्हे. तेथे तेलविहिरी खणणारी यंत्रसामग्रीच लागते आणि खोली दुप्पट झाली की खर्च दुपटीवर थांबत नाही.

बॉयलरचे उदाहरण

कारखान्याच्या सभासदाला वीजनिर्मिती नवीन नाही. बॉयलरला तीन गोष्टी लागतात : विस्तव, पाणी आणि पाणी खेळायला नळ्या. जमिनीखालच्या बॉयलरलाही याच तीन गोष्टी लागतात. विस्तवाच्या जागी तापलेला खडक, पाणी म्हणजे मुरलेले पाणी आणि नळ्या म्हणजे खडकातल्या भेगा. खडक तापलेला आहे पण भेगा नाहीत, तर पाणी खेळणार नाही. भेगा आहेत पण उष्णता खोल आहे, तर वाफ होणार नाही. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणि थोड्या खोलीवर जुळून येणे हा निसर्गाचा योग आहे.

पाणी दीड-दोनशे अंशांच्या वर असेल तर वर येताना त्याची वाफ होते व ती टर्बाइनवर सोडता येते. पाणी त्याहून कमी, म्हणजे साधारण १०० ते १५० अंशांचे असेल, तर त्याची उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला देतात आणि त्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन फिरवतात. पण पाणी जितके कमी गरम, तितकी वीज कमी. १०० अंशांच्या पाण्यातील उष्णतेपैकी दहावा हिस्सासुद्धा विजेत उतरणे कठीण असते.

महाराष्ट्रातील ऊन पाण्याचे झरे

आपल्या राज्यात गरम पाणी निघते ते मुख्यतः कोकणात. गावांची नावेच ते सांगतात. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव. 'ऊन पाणी' या आपल्या जुन्या शब्दावरून पडलेली ही नावे आहेत. संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, राजवाडी, आरवली आणि तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली ही ठिकाणे तर आपल्यापैकी अनेकांनी यात्रेच्या निमित्ताने पाहिली असतील.

कोकणातील या झऱ्यांचे तापमान ३४ अंशांपासून सुमारे ७१ अंशांपर्यंत आहे. सर्वांत गरम उन्हवऱ्याचे. ७१ अंश ऐकायला मोठे वाटते. पण आपल्या कारखान्यात मिश्ररस पहिल्या ज्यूस हीटरमध्ये तापवतात तो ७० ते ७५ अंशांपर्यंत, आणि नंतर १०२ ते १०५ अंशांपर्यंत. म्हणजे कोकणातला सर्वांत गरम झरा आपल्या पहिल्या हीटरच्या पायरीवर उभा आहे. टर्बाइन तर फार पुढे राहिले. झऱ्यांच्या पाण्यातील क्षारांवरून खोलवरचे तापमान १०० अंशांच्या वर असावे असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पण अंदाज आणि हाती आलेली वाफ यांत अंतर असते. ते अंतर खोल वेधन करूनच तोडावे लागते.

मग कोकणात हे पाणी निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. ६०-७० अंशांची उष्णता वाळवणाला पुरेशी आहे. मासळी, आमसूल, काजू, फळे यांना पावसाळी हवेत वाळवणघर फार मोलाचे. केनियात नैवाशा सरोवराकाठी फुलांची हरितगृहे अशा उष्णतेवर चालली आहेत. आइसलँडमध्ये दहांपैकी नऊ घरे याच पाण्याने उबदार राहतात व टोमॅटोही पिकतो.

देशात आजवर काय झाले

भारतात साडेतीनशेच्या आसपास गरम पाण्याचे झरे नोंदलेले आहेत आणि त्यांतून सुमारे १०,६०० मेगावॅट वीज होऊ शकेल असा अंदाज सांगितला जातो. या आकड्यासमोर प्रत्यक्षातले काम फार थोडे आहे. हिमाचलातील मणिकरण येथे १९९२ च्या सुमारास ५ किलोवॅटचा प्रायोगिक संच बसवला गेला. ५ किलोवॅट म्हणजे साडेसहा हॉर्सपॉवरची एक मोटार. तेलंगणातील मणुगुरू भागात कोळशासाठी घेतलेल्या वेधातून गरम पाणी आपोआप वर आले. त्यावर २० किलोवॅटचा संच उभा राहिला.

सर्वांत आशेची जागा लडाखमधील पुगा खोरे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर तेथे जमिनीतून वाफा निघतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० नंतरच्या दशकात तेथे वेधन केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने लडाख प्रशासनाशी करार केला. पहिला टप्पा १ मेगावॅटचा ठरला. हिमालयात भूकवच अजून हलते आहे, म्हणून तेथे उष्णता वर आहे.

बाहेरच्या देशांचा धडा

इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले गेले आणि १९१३ मध्ये २५० किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. केनियात ओल्कारिया येथे १९८१ मध्ये १५ मेगावॅटचा पहिला संच चालू झाला. आज त्या देशाची चाळीस टक्क्यांहून अधिक वीज जमिनीखालून येते. म्हणजे ही गोष्ट श्रीमंत देशांपुरतीच नाही. पण केनियाखाली भूकवच दुभंगत आहे आणि आइसलँड ज्वालामुखींवर बसले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

यश मिळाले तेथे दोन धडेही मिळाले. पहिला उपशाचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील गीझर्स क्षेत्रात १९६० पासून वाफ काढली. घेतले तेवढे पाणी परत गेले नाही, म्हणून दाब उतरला. शेवटी १९९७ पासून शहरांचे सांडपाणी प्रक्रिया करून नळाने आणून जमिनीत सोडावे लागले. आपल्या विहिरींची कथा वेगळी आहे काय?

दुसरा धडा भूकंपाचा. जेथे भेगा नाहीत तेथे दाबाने पाणी सोडून भेगा पाडायचे तंत्र आहे. दक्षिण कोरियात पोहांग येथे असे काम चालू असताना १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. मार्च २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी तो या कामामुळेच चाळवला गेल्याचा निष्कर्ष दिला. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट ज्या पश्चिम महाराष्ट्राने पाहिली, त्याने हा धडा विसरून चालणार नाही.

बारामती-इंदापूरला काय लागू

आपल्या दोन्ही तालुक्यांखाली काळा पाषाण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. "लाव्हाच होता, मग गरम असणारच," असे कोणी म्हणेल. तो केव्हाच निवाला. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ पर्यंत ३ किलोमीटर खोल वेध घेतला गेला. तेथे पाषाण सुमारे साडेबाराशे मीटरवर संपला व खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या वेधात पाषाण ३३८ मीटरवरच संपला. पश्चिमेकडे जाड, पूर्वेकडे पातळ असा हा पाट आहे आणि आपण मधे आहोत. निरा आणि भीमेच्या या टापूत उन्हवऱ्यासारखा झरा नाही. म्हणजे उष्णता वर आणणारी मोठी भेग येथे उघडी दिसत नाही.

यावरून आमचे मत स्पष्ट आहे. आज आपल्या कारखान्याने या कामात सभासदांचा पैसा घालू नये. हे काम राष्ट्राचे आहे. कोकण, पुगा, तातापानी अशा ठिकाणी खोल वेधनाचा धोका सरकारनेच उचलावा. पहिली विहीर कोरडी गेली तरी ज्याचा संसार मोडत नाही, त्यानेच पहिली विहीर खणावी.

एक मेगावॅटचा हिशेब

मग हे धोरण आपल्याला परके आहे काय? नाही. एक मेगावॅटचे भूऔष्णिक केंद्र वर्षातले नव्वद टक्के तास चालले तर सुमारे ७९ लाख युनिट देते. बगॅसवरचे एक मेगावॅट १२० दिवसांच्या हंगामात जास्तीत जास्त २९ लाखांच्या आत. सूर्यावरचे एक मेगावॅट वर्षाला १६ लाखांच्या आसपास. सूर्य मावळल्यावर कोळशाऐवजी ही वीज जाळ्यात आली, तर तिचा फायदा पुगातून निघून आपल्या घरातल्या दिव्यापर्यंत पोचतो. म्हणून राष्ट्राने हे काम नेटाने करावे असे आम्हास वाटते. निधी मागण्याच्या वेळी आपल्या प्रतिनिधींनीही ते बोलावे.

सभासदांनी काय करावे

१) वाफेच्या आशेने बोअर खोल नेऊ नये. खोल गेल्याने पाणी वाढेलच असे नाही, मोटारीचे बिल मात्र वाढते.

२) मोटार अर्धा तास चालल्यावर पाण्यात साधे थर्मामीटर धरून तापमान पाहावे. ४० अंशांच्या वर भरले, तर बोअरची खोली व केसिंग यांच्यासह गट कार्यालयात नोंद द्यावी. अशी नोंद भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कामाची आहे. अशा नोंदींतूनच देशाचा नकाशा भरतो.

३) भूऔष्णिक प्रकल्पासाठी जमीन किंवा ठेव मागणारा कोणी आला, तर तीन प्रश्न विचारावेत : किती खोलीवर किती तापमान मोजले? दर तासाला पाणी किती निघाले? वापरलेले पाणी परत कोठे सोडणार? ज्याच्याजवळ मोजलेले आकडे नाहीत, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

४) दिवसाच्या विजेसाठी आज हाताशी असलेला मार्ग सूर्याचा आहे. सौर कृषिपंप आणि सौर कृषी वाहिनी या योजनांची चौकशी करावी. उसाला ठिबक केले, तर पाट पाण्यापेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास पाणी वाचते. वाचलेले पाणी म्हणजे न चाललेली मोटार, आणि न चाललेली मोटार ही सर्वांत स्वस्त वीज.

आडसालीच्या लागणीपूर्वी ठिबकची मागणी नोंदवायची राहिली असेल, त्या सभासदांनी सात-बारा व आठ-अ चे उतारे घेऊन आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयाशी संपर्क साधावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी