थायलंडमध्ये राहायचंय? दरपत्रकाबाहेरचा खर्च

थायलंडच्या इमिग्रेशन कचेरीचं दरपत्रक वाचून कुणालाही हायसं वाटेल. वर्षभराची मुदतवाढ १,९०० बाथ. देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, म्हणजे री-एंट्री परमिट, एका खेपेला १,००० बाथ. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, तो फुकट. घरमालकाने तुमची नोंद करायची, तीही फुकट. एका बाथला पावणेतीन रुपये धरले (या लेखातले सगळे हिशेब याच दराने आहेत, तुम्ही निघाल तेव्हाचा भाव पाहून घ्या), तर सरकारचं देणं माणशी वर्षाला आठ हजार रुपयांच्या आत मिटतं.

तरीही तिथे वर्षानुवर्षं राहणारे परदेशी लोक कागदपत्रांचा विषय निघाला की वैतागतात. त्याचं कारण या दरपत्रकात सापडणार नाही. मोठा खर्च होतो तो बँकेत अडकलेल्या रकमेपायी, भारतातून न्याव्या लागणाऱ्या दाखल्यांपायी, आणि एखादा शिक्का राहून गेला म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागतं त्यापायी.

आठवडाभर फुकेत-पट्टाया करून येणाऱ्यांना यातलं फारसं लागू नाही. २०२४ च्या जुलैपासून भारतीयांना ६० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश मिळू लागला. ती मुदत कमी करण्याची चर्चा अधूनमधून होत असते, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या दिवशीचा नियम बघा. १ मे २०२५ पासून विमानात भरायच्या कागदी कार्डाची जागा डिजिटल अरायव्हल कार्डाने घेतली आहे. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, हे समजून बाहेर पडा. मुक्काम वाढवायचा झाला तर इमिग्रेशन कचेरीत १,९०० बाथ भरून एकदा ३० दिवस वाढवून मिळतात. पर्यटकांचा विषय एवढाच.

पुढचं लिहिलंय ते निवृत्तीनंतर वर्षातले बरेच महिने तिकडे काढायचा विचार करणाऱ्यांसाठी, आणि लॅपटॉपवर नोकरी करत काही महिने चियांग माईला राहू म्हणणाऱ्यांसाठी.

आठ लाख बाथ

निवृत्तांच्या मुदतवाढीसाठी वय किमान ५० हवं आणि थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाथ, म्हणजे साधारण २२ लाख रुपये. ही रक्कम खर्चायची नाही, पण हलवायचीही नाही. अर्जाआधी दोन महिने ती पूर्ण खात्यात हवी, मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण हवी, आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाख बाथच्या खाली जाता कामा नये. कागदावर वर्षातले सात महिने निम्मी रक्कम मोकळी दिसते. प्रत्यक्षात ती भारतात परत आणून पुन्हा पाठवण्यात विनिमयाचा तोटा इतका होतो की बहुतेक जण ती तिथेच ठेवतात.

आता हिशेब करा. हेच २२ लाख इथल्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी असते तर वर्षाला १ लाख ४३ हजार रुपये व्याज आलं असतं. थाई बचत खात्यावर एक टक्कासुद्धा मिळत नाही. म्हणजे मुदतवाढीची फी सव्वापाच हजार रुपये आणि बुडालेलं व्याज सव्वा लाखाच्या वर. ‘थायलंडमध्ये महिन्याला किती लागतात’ असं विचारणाऱ्यांनी घरभाड्याआधी ही ओळ लिहावी.

रक्कम ठेवायची नसेल तर दरमहा ६५,००० बाथ उत्पन्नाचा मार्ग आहे. ते पावणेदोन लाख रुपयांच्या वर जातं आणि दर महिन्याला परदेशातून थाई खात्यात जमा झाल्याची नोंद दाखवावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक निवृत्तिवेतनांना हे झेपणारं नाही.

पैसे पाठवण्यातही एक खाचखळगा आहे. भारतात निवासी असलेल्या माणसाने रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून परदेशी पैसे पाठवले की आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. २२ लाख एकदम पाठवले तर कापलेली रक्कम होते २ लाख ४० हजार. ती बुडत नाही, विवरणपत्रात आयकरात वळती होते किंवा परत मिळते, पण तोवर बिनव्याजी सरकारकडे पडून राहते. १० लाख मार्चअखेर आणि १२ लाख एप्रिलमध्ये पाठवले, तर कपात फक्त ४० हजारांची होते. तुम्ही अनिवासी ठरलात की हे सगळं गणित बदलतं. शिवाय वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये राहणारा माणूस तिथल्या करखात्याच्या लेखी तिथला रहिवासी होतो, आणि २०२४ पासून त्याने बाहेरून आणलेलं उत्पन्न तिथे करपात्र आहे. दोन्ही देशांत दुहेरी करटाळणीचा करार आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. निघण्याआधी आपल्या सीएला एका बैठकीची फी द्या, ती वसूल होईल.

आणखी एक पेच बाकी आहे. पर्यटक म्हणून उतरलेल्या माणसाला थाई बँका सहजी खातं उघडून देत नाहीत, आणि खात्यात पैसे दाखवल्याशिवाय पर्यटकाचा शिक्का बदलून निवृत्तांचा ९० दिवसांचा नॉन-ओ व्हिसा (फी २,००० बाथ) मिळत नाही. एका शाखेत नकार मिळाला तर दुसरीत विचारा, त्याच बँकेच्या दोन शाखांची उत्तरं वेगळी असतात. बहुतेकांचा एजंटाशी पहिला संबंध इथेच येतो.

भारतातूनच ओ-ए नावाचा निवृत्तांचा व्हिसा काढून जाता येतं. त्याची फी ५,००० बाथ, पण त्याला पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि ३० लाख बाथ संरक्षणाचा आरोग्यविमा लागतो. पासष्टीनंतर असा विमा मिळवणं, आणि मिळालाच तर त्याचा हप्ता भरणं, हे आठ लाख बाथ अडकवण्यापेक्षा महाग पडू शकतं. त्या वयातल्यांनी तिथे जाऊन नॉन-ओ करून घ्यावा, असं माझं मत आहे. विमा अर्थातच घ्यावा, पण आपल्याला परवडेल तो.

लग्नाचा दाखला

नवरा-बायको दोघं जाणार असतील तर दोघांनी वेगवेगळे आठ लाख बाथ ठेवायची गरज नाही. एकाने निवृत्त म्हणून मुदतवाढ घ्यायची आणि दुसऱ्याने त्याचा किंवा तिचा जोडीदार म्हणून. २२ लाख रुपये वाचवणारी ही सोय आहे. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला मात्र हवा.

आणि आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी मराठी जोडप्यांकडे तो नसतो. लग्न कार्यालयात लागलं, पत्रिका आहे, अल्बम आहे, पासपोर्टावर जोडीदाराचं नाव आहे. आजवर दाखल्यावाचून कुठे अडलं नाही, त्यामुळे तो काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. महाराष्ट्रातला विवाह नोंदणीचा सध्याचा कायदा १९९८ चा, आणि यांची लग्नं त्याआधीची. उशिराची नोंदणी होते, फी फार नसते, पण साक्षीदार, पुरोहित किंवा त्याऐवजीचं प्रतिज्ञापत्र, जुन्या पत्त्याचे पुरावे यांत दिवस जातात. सासर-माहेरच्या नावांतला फरक असेल तर आणखी जातात. दाखला हाती आला की त्यावर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर आणि त्यानंतर थाई वकिलातीचं प्रमाणीकरण लागतं. कचेरीनुसार थाई भाषांतरही मागतात. तिथे पोहोचून मग हे करायला लागलात, तर मुंबईची एक जादा विमानफेरी हिशेबात धरा. तिकिटांआधी दाखला, हा क्रम ठेवा.

चोवीस तास आणि नव्वद दिवस

थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ चा आहे. परदेशी माणूस ज्या घरात उतरेल त्या घराच्या मालकाने वा ताबेदाराने २४ तासांत पोलिसांना किंवा इमिग्रेशनला कळवायचं, असं त्यात आहे. अर्जाचं नाव टीएम-३०. हॉटेलं ते आपोआप करतात, म्हणून पर्यटकाला त्याचा पत्ताही नसतो. अनेक वर्षं हे कलम असून नसल्यासारखं होतं. २०१९ मध्ये अंमलबजावणी एकदम कडक झाली आणि परदेशी रहिवाशांमध्ये इतकी ओरड झाली की पुढच्या वर्षी सवलत द्यावी लागली. आता एकदा नोंद झालेल्या घरी तुम्ही प्रवास करून परत आलात, तर साधारणपणे ती पुन्हा करावी लागत नाही. तरी आपल्या भागातल्या कचेरीला विचारून घ्या, कारण तिथे नियमाइतकाच त्या त्या कचेरीचा रिवाज चालतो.

कर्तव्य मालकाचं, पण त्रास भाडेकरूचा. दंड ८०० ते २,००० बाथ. तो मालकाने भरायचा असला तरी टीएम-३० ची पावती जोडल्याशिवाय मुदतवाढीच्या खिडकीवर तुमचा अर्ज पुढे सरकत नाही. मालक परदेशात असेल, किंवा भाड्याचं उत्पन्न दाखवायला नाखूश असेल, तर तो ओळखपत्राची आणि घराच्या निळ्या पुस्तिकेची झेरॉक्स द्यायला टाळाटाळ करतो. घर बघतानाच हा प्रश्न विचारा आणि भाडेकरारात ‘मालक २४ तासांत टीएम-३० भरेल व पावती देईल’ असं वाक्य घाला. याला नाही म्हणणारा मालक असेल तर स्वस्त भाडं विसरा. अनामत परत मागताना तो कसा वागेल, हे त्यातच दिसतं.

९० दिवसांचा अहवाल, टीएम-४७, हा भाडेकरूने स्वतः द्यायचा. देशात सलग ९० दिवस झाले की ‘मी अजून याच पत्त्यावर आहे’ एवढंच सांगायचं. कचेरीत देय तारखेआधी १५ दिवसांपासून नंतर ७ दिवसांपर्यंत घेतात. ऑनलाइन भरायचा तर मात्र तारखेच्या किमान आठवडाभर आधी, नंतरची सवलत तिथे नाही. स्वतःहून उशिरा गेलात तर २,००० बाथ दंड, पोलिसांनी पकडलं तर त्याहून जास्त. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी शून्यापासून सुरू होते. या अहवालाने मुक्कामाची मुदत वाढत नाही. अहवालाच्या पावतीवरची पुढची तारीख हीच आपली मुदत समजून लोक फसतात.

एका शिक्क्याची किंमत

सगळ्यात महाग चूक री-एंट्री परमिटची. मुदतवाढ घेतलेला माणूस परमिटाशिवाय देशाबाहेर पडला की ती मुदतवाढ त्याच क्षणी रद्द होते. नातवाच्या मुंजीला घाईत निघालात आणि हजार बाथचा शिक्का राहिला, तर परत आल्यावर तुम्ही पुन्हा पर्यटक. नवा नॉन-ओ, पुन्हा कागद, पुन्हा बँकेचं पत्र. एका खेपेचं परमिट १,००० बाथ, कितीही खेपांचं ३,८००. वर्षात चार फेऱ्या होणार असतील तर दुसरं घ्या. सुवर्णभूमी विमानतळावरही ते मिळतं, पण ऐनवेळी रांग असते, त्यामुळे मुदतवाढीच्या दिवशीच कचेरीत काढून घेणं बरं.

कचेरीत जाताना ४ बाय ६ सेंटिमीटरचे फोटो, पासपोर्टच्या वापरलेल्या पानांच्या झेरॉक्स (प्रत्येक प्रतीवर सही), घराचा नकाशा, बँकेचं पत्र आणि त्याच दिवशी नोंदी करून आणलेलं पासबुक लागतं. बँकेच्या पत्राला शंभर-दोनशे बाथ पडतात. बँकॉकची मुख्य कचेरी चेंग वत्तानाच्या सरकारी संकुलात आहे, आता गुलाबी मार्गाची मोनोरेल तिथे जाते. जेवणाच्या सुट्टीआधी नंबर लागेल अशा बेताने सकाळी जा. थाई कागदांवर सन बौद्ध असतो, त्यातून ५४३ वजा करा.

सगळं नीट पार पडलं तर जोडप्याचा पहिल्या वर्षाचा सरकारी खर्च असा येतो: नॉन-ओ ४,०००, मुदतवाढ ३,८००, एकेका खेपेचं परमिट २,०००, बँकेचं पत्र २००. एकूण १०,००० बाथ, म्हणजे साडेसत्तावीस हजार रुपये. पुढच्या वर्षी ६,००० बाथ.

कमावत्या तरुणांसाठी डीटीव्ही व्हिसा सरळ आहे. २०२४ मध्ये सुरू झाला, मूळ फी १०,००० बाथ, पाच वर्षं वैध, दर प्रवेशाला १८० दिवस. ५ लाख बाथ, म्हणजे पावणेचौदा लाख रुपये, दाखवावे लागतात, पण ते भारतातल्या खात्यात चालतात. वारंवार प्रवेशाचा व्हिसा असल्यामुळे री-एंट्री परमिटही नको. टीएम-३० आणि ९० दिवसांचा अहवाल यांनाही लागू आहेत. थाई कंपनीत नोकरीवर जाणाऱ्यांचे कागद कंपनी करते. वर्क परमिटचे वर्षाचे ३,००० बाथ ती भरणार की तुम्ही, एवढं नियुक्तिपत्रात बघा.

एजंट घ्यावा का? रांगेत उभं राहणं, अर्ज भरणं, भाषेची अडचण, यासाठी जरूर घ्या. त्याचा दर घासाघीस करून ठरतो, दोघा-तिघांना विचारा. पण ‘बँकेत पैसे नसले तरी चालेल, मी दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ते पैसे काही दिवसांसाठी तुमच्या खात्यात फिरवलेले असतात आणि खोट्या अर्जावर सही तुमची असते.

मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, ४० दिवसांत तो कमाल २०,००० बाथवर पोहोचतो. दंड भरून सुटता येतं म्हणून याकडे हलक्याने पाहणारे बरेच आहेत. ९० दिवसांपेक्षा जास्त उशिराने स्वतःहून निघालात तर वर्षभर प्रवेशबंदी. स्वतः विमानतळावर न जाता आधीच पकडले गेलात, तर थोड्या उशिरालाही पाच वर्षांची. मुदतीची तारीख शनिवार-रविवारी, बौद्ध सणाला किंवा १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानमध्ये येत असेल, तर आधीच्या आठवड्यातच कचेरी गाठा.