पोटाची भूक आणि मनाची भूक

सज्जनहो, गेल्या वर्षी आषाढी वारीहून परतल्यावर थोड्याच दिवसांनी एका गावी आमचे कीर्तन झाले. कीर्तन आटोपून ओसरीवर टेकलो होतो, तोच चाळिशीच्या एक माउली पुढे आल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "महाराज, दोन्ही वेळचं जेवण निम्म्यावर आणलं, पण वजन काही हटत नाही. सगळे निजले की मी डब्यापाशी जाते. भूक नसते, तरी हात जातो. मग रडू येतं. हे कसलं पाप म्हणायचं?"

आम्ही एवढेच सांगितले, "बाई, हे पाप नव्हे." पुढचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, कारण तोच रोग आमच्याही घरी मुक्कामाला होता. उत्तराची जुळवाजुळव करण्यात वर्ष गेले. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी आमची हकीकत सांगतो, म्हणजे आपण कोरडे पाषाण असा ठपका येणार नाही. पाच वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू गेले. चाळीस वर्षे मृदंग घेऊन ते आमच्या मागे उभे राहिले. कीर्तनानंतर यजमानाच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही दोघे तासभर बोलत असू. चाल कुठे चुकली, श्रोता कुठे डोलला, असेच काहीबाही. ते गेले आणि तो तास रिकामा पडला. त्या तासात आम्ही पेढे खाऊ लागलो. यजमान प्रेमाने पुडा देत. सकाळी तो रिकामा असे. ७४ किलोचे वजन तीन-चार वर्षांत ९१ वर गेले. गुडघे बोलू लागले, आणि गेल्या वारीत दिवेघाटाच्या पायथ्याशी आम्हांस टेम्पोत बसावे लागले. दिंडी घाट चढत होती आणि आम्ही ताडपत्रीखाली, सामानाच्या गोण्यांशेजारी! गुडघ्यापेक्षा मन अधिक दुखले. आणि खरं सांगायचं तर, त्या रात्री सासवडच्या मुक्कामी आम्ही पुन्हा पेढेच खाल्ले. येथेच रोगाचे मूळ आहे. दुःख झाले म्हणून खाल्ले, खाल्ले म्हणून वजन वाढले, वजन वाढले म्हणून दुःख झाले. घाण्याचा बैल फिरतो तसे हे फिरत राहते.

लक्षण

पाठशाळेत अमरकोश घोकताना क्षुधा आणि बुभुक्षा हे शब्द आम्ही एका दमात पाठ केले. दोहोंचा अर्थ भूक. पण व्याकरण पाहिले तर भुज् धातूला इच्छार्थी सन् प्रत्यय लागून बुभुक्षा शब्द होतो. म्हणजे खाण्याची इच्छा. या लेखापुरता आम्ही असा भेद करतो. शरीराला अन्न हवे असते ती क्षुधा, आणि शरीराला नको असताना खावेसे वाटते ती नुसती बुभुक्षा.

पोटाची भूक पाहुण्यासारखी असते. आधी निरोप धाडते, मग हळूहळू येते. भाकरी-आमटीवर ती भागते, पोट भरले की उठून जाते, आणि मागे खंत ठेवीत नाही. मनाची भूक एकाएकी येते. तिला भाकरी चालत नाही. शेव, पेढा, लाडू असे नेमके काही हवे असते. पोट तुडुंब असले तरी ती थांबत नाही. खाताना चव कळत नाही, आणि शेवटी लाज उरते. परीक्षा सोपी आहे. हात डब्याकडे गेला की स्वतःस विचारावे, "आत्ता ज्वारीची भाकरी आणि साधं वरण समोर आलं, तर खाईन का?" उत्तर 'हो' आले तर खुशाल जेवावे. 'नाही' आले तर भूक पोटाची नव्हे.

कारण

ही सवय लागते कुठे? पाळण्यापाशी. लेकरू पडले, रडले, की आई हातावर गुळाचा खडा ठेवते. त्यात माया आहे, दोष नाही. पण रडू आणि गोड यांची गाठ तेथे बसते. पुढे साठीतही दुःख झाले की हात गुळाचा खडा शोधतो.

शरीराचाही यात भाग आहे. ताण पुष्कळ दिवस टिकला की कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढलेला राहतो. त्याने भूक वाढते आणि ओढ गोड-तेलकटाकडे जाते. झोप अपुरी झाली तरी तेच. ही गोष्ट आपल्या जुन्या वैद्यांनीही ओळखली होती. हितकर अन्न माफक खाल्ले, तरी चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेल्या माणसास ते पचत नाही, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८६ साली खाण्याच्या सवयी मोजण्यासाठी एक प्रश्नावली रचली. तीत भावनेपोटी खाणे, पदार्थ दिसला म्हणून खाणे आणि दाबून-आवरून खाणे, असे तीन प्रकार धरले आहेत. आपल्यापैकी पुष्कळांत हे तिन्ही एकत्र नांदतात.

तिसऱ्या प्रकाराविषयी दोन शब्द. आम्ही आधी उलटाच उपाय केला. दिवसभर अर्धपोटी राहिलो. रात्री शरीराची खरी भूक आणि मनाची भूक हातात हात घालून आल्या, आणि आमचा पराभव दुप्पट झाला. त्या माउलीचेही हेच चालले होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्यास योग नाही असे म्हटले आहे, तसेच मुळीच न खाणाऱ्यासही नाही असे म्हटले आहे. आपण पहिला अर्धा तेवढा ध्यानात ठेवतो.

उपाय

पहिला उपाय वही. साधी वही आणि तीन रकाने: वेळ, पदार्थ, आणि तेव्हा मनात काय होते. आमच्या वहीत पंधरा दिवसांत दिसले की चोरटे खाणे सारे रात्री दहा ते अकरा या वेळेत होते, आणि तिसऱ्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा होता: एकटा.

दुसरा उपाय, दिवसा नीट जेवावे. भाकरी, वरण किंवा उसळ, पालेभाजी, ताक. वेळेवर आणि सावकाश. पोट भरल्याची वर्दी मेंदूकडे पोहोचण्यास वीसेक मिनिटे लागतात. भराभर जेवणारा वर्दी येण्याआधीच पुढे गेलेला असतो.

तिसरा उपाय, दहा मिनिटे थांबावे. 'खाणार नाही' अशी शपथ घेऊ नये, ती मोडते. 'दहा मिनिटांनी पाहू' म्हणावे, पाणी प्यावे, आणि मनात काय आहे त्याचे नाव उच्चारावे. राग आला आहे. भीती वाटते. दादाची आठवण येते. नाव घेतले की पुष्कळदा ओढ सैल होते. एवढ्यानेही खावेसे वाटले तर ताटलीत थोडे घ्यावे, बसून, उजेडात, चव घेत खावे. उभ्याने डब्यातून खाऊ नये.

चौथा उपाय सर्वांत मोठा. मन जे मागते ते त्यास द्यावे. आमच्या मनास पेढा नको होता, भाऊ हवा होता. भाऊ परत येत नाही; पण त्यांचा मुलगा आहे. आता कीर्तन झाले की आम्ही पुतण्याला फोन करतो. चाल कुठे चुकली ते त्याला सांगतो. कधी दोघेही रडतो. रडून झाल्यावर पेढ्याची आठवण होत नाही.

पाचवा उपाय, ढोबळ हिशेब ठाऊक असावा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. बेसनाचा मोठा लाडू सुमारे २०० कॅलरींचा. रोजचा एक जादा लाडू म्हणजे चाळीस दिवसांत जवळजवळ किलोभर. आणि रोजचा एक चोरटा लाडू सुटला तर तितकाच लाभ. फार उतरण्याचा हट्टही नको. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे ७ टक्के वजन उतरवणे आणि आठवड्यात १५० मिनिटे चालणे एवढेच ध्येय ठेवले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले.

शंका-समाधान

शंका: एकादशी करतो, तरी वजन का उतरत नाही? समाधान: 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडली नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यात शेंगदाण्याचे कूट व तूप. शिवाय साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. प्राचीन ऋषींनी तो पाहिलाही नव्हता. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करू नये.

शंका: प्रसादास नाही कसे म्हणावे? समाधान: म्हणू नये. प्रसाद कणभर असतो. ताटभर घेतला की ते जेवण झाले.

शंका: एखाद्या रात्री पुन्हा घसरलो तर? समाधान: वाट चालताना ठेच लागली म्हणून कोणी आळंदीस परत जात नाही. वहीत लिहावे आणि सकाळी वेळेवर न्याहारी करावी. घरच्यांनीही 'किती खातेस' हे शब्द तोंडून काढू नयेत. त्या शब्दांनी डबा बंद होत नाही, तो लपतो. परंतु वारंवार ताबा सुटून खूपच खाल्ले जात असेल, खाऊन उलटी काढली जात असेल, किंवा दुःख महिनोन् महिने हलत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. असे ताबा सुटून खाणे हा स्वतंत्र आजार म्हणून २०१३ साली मानसोपचाराच्या प्रमुख ग्रंथात नोंदला गेला आहे. त्यात लाजण्याचे कारण नाही.

यंदा त्याच गावी पुन्हा सेवा होती. त्या माउली भेटल्या. वहीचा उपाय आम्ही त्यांस मध्यंतरी निरोपाने कळवला होता. म्हणाल्या, "महाराज, वही लिहिली तेव्हा कळलं. पहाटेपासून सगळ्यांचं करते. दिवसभरात माझी म्हणून तेवढीच वेळ होती, सगळे निजल्यावरची. ती मी डब्यापाशी घालवत होते." आता संध्याकाळची भांडी सून आणि मुलगा घासतात, आणि बाई तासभर शेजारणीबरोबर पारावर जाऊन बसतात. वजन चार किलो उतरले आहे. कमी वाटेल, पण रात्रीचे रडणे थांबले, ते कोणत्या काट्यावर तोलणार?

आमचा काटा आज ८४ दाखवतो. आषाढ तोंडावर आला आहे. दिवेघाट पायी चढू की नाही, हे गुडघे सांगतील. पुतण्या म्हणतो, मी मृदंग घेऊन बरोबर आहे.

असो. रामकृष्णहरी.