मुंबई-नागपूर : अंतर आणि वेळ

राज्याची राजधानी मुंबई आणि उपराजधानी नागपूर यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. लोहमार्गाने ते सुमारे ८३७ किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे हवाई अंतर ५१ मिनिटांत संपावयास हवे. तथापि वेळापत्रकात सुमारे दीड तास दर्शविलेला असतो. याचे कारण असे की, विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतची वेळ त्यात धरलेली असते. धावपट्टीकडील संथ वाटचाल, आकाशातील चढउतार आणि गर्दीमुळे होणारा खोळंबा यांचा तीत समावेश होतो.

वाऱ्याचाही हिशेब करावा लागतो. हिवाळ्यात उंचावरील वारे सामान्यतः पश्चिमेकडून वाहतात. ताशी ८० किलोमीटरचा वारा पाठीशी असल्यास नागपूर ४६ मिनिटांत गाठता येईल. तोच समोरून आल्यास परतीला ५७ मिनिटे लागतील.

ही अकरा मिनिटे प्रवाशाला क्षुल्लक वाटतील. परंतु दान केलेले हृदय शरीराबाहेर साधारणतः चार तासच प्रत्यारोपणयोग्य राहते. नागपुराहून मुंबईतील रुग्णासाठी हृदय न्यावयाचे झाल्यास रस्ता व रेल्वे दोन्ही अपुरी पडतात. अशा वेळी विमानाचा वेग वाढविण्यापेक्षा रुग्णालय ते विमानतळ हा रस्ता मोकळा ठेवणे आणि विमानाला उतरण्यास अग्रक्रम देणे, यांतूनच मोलाची मिनिटे वाचतात.