तबकडीचे नवे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

सुपा धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या गणेशगुडीत पावसाळ्याचे चार महिने बहुतांशी घरातच काढावे लागतात. आणि ज्या घरात वडिलांनी जमवलेल्या लाखेच्या तबकड्या व आपण स्वतः नोकरीच्या काळात एकेक करून घेतलेल्या एल.पी. कपाटभर आहेत, त्या घराला हे चार महिने संगीतश्रवणाची पर्वणीच असते. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, सवाई गंधर्व हे वडिलांच्या कपाटातले. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व हे माझ्या. कुंदगोळ, मन्सूर, हुबळी, सुळेभावी ही या मंडळींची गावे आमच्या घाटमाथ्याला लागूनच असलेल्या मुलुखातली असल्यामुळे त्यांचे गाणे जसे होते तसेच, एका श्रुतीचाही फरक न पडता, घरात ऐकू यावे, अशी इच्छा मी अनेक वर्षे बाळगून होतो, आणि सेवानिवृत्तीनंतर ती पूर्ण करण्याची आर्थिक तजवीजही झाली. त्या निमित्ताने जे पाहिले, शोधले आणि दुरुस्त करून घेतले, ते या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या रसिकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर नोंदवीत आहे.

अमेरिकेत स्थायिक असलेला माझा भाचा मायदेशी परतला तेव्हा त्याने आपले तेथील उच्च श्रेणीचे, पट्ट्यावर चालणारे टर्नटेबल सोबत आणले होते. ते मी त्याच्याकडून रीतसर मोल देऊन घेतले. त्याची थाळी जड, दांडा अत्यंत हलका, धारवे सूक्ष्म कारागिरीचे. तेथील वीज १२० व्होल्टची, येथील २३० व्होल्टची, म्हणून शहरातील एका जाणत्या विक्रेत्याकडून दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि गंगूबाईंची एल.पी. लावली. आवाजाची घनता, तंबोऱ्याच्या जोडीचा भराव, तबल्याच्या बोलांतील अंतर हे सारे पूर्वीच्या यंत्राहून इतके सरस होते, की घरातील सर्वांनीच समाधान व्यक्त केले. परंतु कुमारांची एल.पी. लागली, तेव्हा त्यांचा तो टोकदार, उसळता स्वर जडावलेला आणि लय सुस्तावलेली वाटली. भाच्याने पेटीसोबत आलेली वेगमापनाची चकती थाळीवर ठेवली आणि दिव्याखाली धरली, तो तिच्यावरील रेघा अगदी निश्चल! यंत्राचा वेग बिनचूक असल्याची ती ग्वाहीच होती. मात्र हार्मोनियमवर षड्ज ताडून पाहता तो तीन अर्धस्वरांहून थोडा अधिकच उतरलेला होता.

या कोड्याची उकल गणेशगुडीतल्या माणसाला सुचावी हे स्वाभाविकच आहे, कारण धरणाच्या पायथ्याशी विद्युतनिर्मितीची जी दोन जनित्रे आहेत, प्रत्येकी ५० मेगावॅटची, ती एका ठरावीक गतीनेच फिरतात आणि त्या गतीशी साऱ्या देशातील विजेचे जाळे बांधलेले असते. आपल्या विजेची आंदोलने सेकंदाला ५०, अमेरिकेतील विजेची ६०. जुन्या घडणीच्या पट्ट्याच्या टर्नटेबलातील मोटर ही समकालिक, म्हणजे विजेच्या आंदोलनांशी पावलाला पाऊल लावून फिरणारी असते. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, आंदोलनांना हात लावत नाही. तेव्हा मिनिटाला ३३⅓ फेरे घेण्यासाठी घडवलेली ती थाळी येथे २७.८ फेरेच घेत होती. चकतीचा दाखला खोटा ठरण्याचे कारणही तेच. दिवा विजेच्या प्रत्येक आंदोलनात दोनदा उजळतो, म्हणून आपल्याकडील चकतीवर ३३⅓ साठी १८० रेघा असतात, तर अमेरिकेतील चकतीवर २१६. तिकडची मोटर आणि तिकडची चकती ही दोन्ही येथील विजेवर एकाच प्रमाणात मंदावतात, त्यामुळे रेघा स्थिर दिसतात आणि गाणे मात्र खाली जाते. दोन्ही साक्षीदार एकाच पक्षाचे असल्यावर निवाड्याला काय अर्थ राहणार!

गंगूबाईंच्या तबकडीवर हा दोष आम्हा कोणाच्याच लक्षात का आला नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. १९३० नंतरच्या दशकातील त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर तो स्वर कोवळा आणि उंच आहे. पुढे घशाच्या विकारानंतर तो खर्जाकडे झुकून धीरगंभीर झाला, आणि आमच्या पिढीने त्या गंभीर स्वरावरच प्रेम केले. त्यामुळे यंत्राने त्या स्वराला आणखी खाली ओढले तरी कानाने ते भारदस्तपण म्हणून आनंदाने स्वीकारले. कानावर विश्वास ठेवावाच, पण वेगाची खातरजमा करताना कानाला घड्याळाची जोड द्यावी, हे माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. थाळीच्या कडेला कागदाचा एक चिटोरा चिकटवावा, तबकडी लावून सुई तिच्यावर ठेवावी आणि तीन मिनिटांत किती फेरे होतात ते मोजावे. बरोबर शंभर झाले पाहिजेत. आमच्या यंत्राचे त्र्याऐंशी झाले. या चाचणीस ना चकती लागते, ना विशेष दिवा.

पुढे ५० आंदोलनांसाठीची, मूळच्या कप्पीहून एक पंचमांशाने अधिक व्यासाची कप्पी मिळवून तो दोष दूर केला. परंतु नव्याने यंत्र घेणाऱ्याने शक्य तर मोटर विजेच्या आंदोलनांवर अवलंबून नसलेले, स्वतःच्या स्फटिकाच्या आधाराने वेग राखणारे यंत्र पाहावे. विजेची आंदोलने आज जेवढी स्थिर आहेत तेवढी पूर्वी नव्हती. दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने जोडले गेले, त्यापूर्वीच्या तुटवड्याच्या काळात ती ४८ च्या आसपास घसरणे हे नवल नव्हते, आणि ४८ म्हणजे जवळजवळ पाऊण अर्धस्वराची घसरण. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवलेले आहे, आणि वेष्टनावर फिरण्याचा वेग सेकंदांत न देता हायड्रोजन अणूच्या मूलभूत कालमापात कोरलेला आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ऐकणारा कोठलाही असो, वेग चुकला तर गायिकाच बदलते, ही जाण त्या योजकांना होती.

दुसरी बाब लाखेच्या तबकड्यांची. महाग यंत्र सर्वच बाबतींत अधिक सक्षम असेल, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः उच्च श्रेणीच्या बहुसंख्य यंत्रांत ७८ फेऱ्यांची सोयच नसते, कारण ती एल.पी.च्या श्रोत्यासाठी घडवलेली असतात. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने १९७२ साली आणलेल्या सोनडेक यंत्रासोबत असे प्रतिपादन केले, की साऱ्या साखळीत तबकडीचे यंत्रच प्रथम महत्त्वाचे, आणि ते तत्त्व म्हणून मला मान्य आहे. परंतु मराठी घरातील निम्मा ठेवा जर ७८ चा असेल, तर त्या तत्त्वाचा हिशेब निराळा मांडावा लागतो. शिवाय वेग मिळाला तरी सुई निराळी लागते. एल.पी.च्या खोबणीला सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे टोक, तर ७८ च्या खोबणीला ६५ ते ७५ मायक्रॉनचे. बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि बालगंधर्वांऐवजी केवळ खरखर ऐकवते. फार जुन्या ध्वनिमुद्रिकांचा वेग तर ७८ लाही काटेकोर नसे, म्हणून वेग थोडा कमी-अधिक करण्याची सोय असणे अगत्याचे. या कारणास्तव मी ७८ साठी एक साधे, तीन वेगांचे यंत्र निराळे ठेवले आहे, आणि माझ्या मते हाच मार्ग किफायतशीर आहे. उलट दिशेचीही खबरदारी घ्यावी: चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर एल.पी. कदापि लावू नये. त्याच्या साउंडबॉक्सचा भार एकदा वाजवण्यातच खोबण्या खरवडून काढतो.

कार्ट्रिजविषयी थोडक्यात. चलकुंडली (मूव्हिंग कॉइल) जातीचे कार्ट्रिज पाव ते अर्धा मिलिव्होल्ट देते, चलचुंबक (मूव्हिंग मॅग्नेट) जातीचे तीन ते पाच; तेव्हा पहिल्यासाठी फोनो प्रवर्धक त्या जातीचा नसेल, तर पैसे वाया जातात आणि गाण्याआधी गुणगुणच ऐकू येते. अर्थिंग धड नसलेल्या घरात तर हे हमखास.

हवेचा विचार मात्र आमच्याकडे सर्वांत आधी करावा. आषाढ-श्रावणात येथील दमटपणा असा असतो, की रबरी पट्टा चिकट होतो, जुनी कागदी पाकिटे ओल धरतात आणि खोबण्यांत बुरशीचे पांढुरके जाळे बसते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आतील पाकिटे बदलावीत, धुतल्यावर पूर्ण सुकल्याखेरीज आत घालू नयेत, आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिटचा स्पर्शही होऊ देऊ नये. लाख त्यात विरघळते. यंत्र हलत्या मेजावर न ठेवता चिऱ्याच्या भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवावे आणि गवंड्याच्या पाणसळीने समतल करून घ्यावे. वळवाच्या दिवसांत, गडगडाट सुरू होण्यापूर्वीच, तार खेचून ठेवावी.

आणखी एक तपशील, ज्याने माझ्या परिचितांचे पुष्कळ पैसे वाचले. तंबोऱ्याचा स्वर डोलतो म्हणून नवे यंत्र घ्यायला निघालेल्या माणसाने आधी तो डोल किती वेळाने येतो ते पाहावे. एल.पी.वर तो दर १.८ सेकंदाला येत असेल, तर तो फेऱ्याशी बांधलेला आहे; अशा वेळी दुसरी तबकडी लावावी. तिच्यावर डोल नसेल, तर पहिलीचे भोकच मध्यापासून सरकलेले आहे, आणि कितीही मोलाचे यंत्र आणले तरी ते मध्यावर येणार नाही.

दुकानात जाताना आपल्याच दोन तबकड्या न्याव्यात: एक विलंबित ख्यालाची, जिच्यात तंबोरा स्पष्ट आहे, आणि एक जिच्यातील गायकाचा षड्ज आपल्याला पक्का ठाऊक आहे. विक्रेता स्वतःच्या प्रात्यक्षिकाच्या तबकडीचा आग्रह धरील, ती ऐकून घ्यावी व मग आपली लावावयास सांगावी. घड्याळ लावून शंभर फेरे मोजावेत. मोटरवरील पट्टीवर ५० हर्ट्झ छापलेले आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. आमच्यासारख्या ठिकाणाहून दुरुस्तीसाठी बेळगाव वा हुबळी गाठावी लागते, तेव्हा पट्टा, कप्पी आणि बदलीची सुई किती वर्षे मिळत राहील, हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि त्यानंतरच रक्कम अदा करावी.