पेटीतलं बाळ घरी आणताना

"उद्या सुट्टी" असं डॉक्टर म्हणाले की घर आनंदतं आणि आईच्या पोटात गोळा येतो. इतके दिवस बाळाचा श्वास चुकला तर यंत्र ओरडत होतं. घरी कोण ओरडणार?

ताई, ही भीती रास्त आहे. म्हणून सुट्टीच्या आधीच, सिस्टर शेजारी असताना, सगळं स्वतःच्या हातानं करा. दूध काढून वाटी-चमच्यानं पाजणं, औषधाचे थेंब मोजणं, काखेत थर्मामीटर लावणं. नुसतं पाहून हात बसत नाही. चुकलात तर तिथे सावरायला माणूस आहे.

सगळ्यात आधी शिकायची ती कांगारू पद्धत. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना आईच्याच छातीशी ठेवायला सुरुवात केली. टोपी, मोजे, लंगोट एवढ्यावर बाळ तुमच्या उघड्या छातीवर उभं धरायचं. मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळं, हनुवटी छातीवर दुमडलेली नको. वर पदर किंवा ओढणी घट्ट बांधायची. दिवसाचे किमान आठ तास, जमेल तितके जास्त. एकट्या आईला हे झेपत नाही, झेपावं असा हट्टही नको. बाबांनी शर्ट काढून बसावं. लाज वाटायचं कारण नाही, मोबाइल तेवढा बाजूला ठेवावा.

आजी, तुमच्याशीही बोलायचंय. तेल चोळून रोजची आंघोळ, धुरी, गुटी, मधाचं बोट यातलं काही या बाळाला नको. गारठा आणि जंतू हेच त्याचे वैरी. बारसं पुढे ढकलता येतं. आणि "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही" हे सुनेसमोर तरी बोलू नका. ते खरंही नाही. पोटात आठवडे जितके जास्त, तितकं बाळ बळकट.

बाळ छान दिसतं म्हणून डोळ्यांची तपासणी हमखास राहून जाते. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासायलाच हवा. वेळ टळली तर दृष्टी जाऊ शकते. माहेरी जाणार असाल तरी ती तारीख सोडू नका. लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची; मान कधी धरेल, कधी बसेल हे मात्र डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. शेजारच्या बाळाशी तुलना तर मुळीच नको.

दूध ओढेनासं झालं, तळपाय गार पडले, शांत असतानाही श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळे पडले किंवा बाळ उठवूनही उठेना, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ छातीशीच ठेवा.