वजनाचा ताळेबंद

मॅगझिनसाठी लेख द्या अशी नोटीस लागली तेव्हा मी रोबोटिक्सवर लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या आठवड्यात एका पहाटे हॉस्टेलमागच्या ग्राउंडवर जे पाहिलं, त्यानंतर विषय बदलला. पाच वाजलेले, फेब्रुवारीचे दिवस, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि आमच्या रूमवरचा फर्स्ट इयरचा पोरगा माझा रेनकोट घालून फेऱ्या मारतोय! आत स्वेटर, डोक्याला माकडटोपी. मी हाक मारली तर धापा टाकत म्हणतो, "दादा, माझं वजन साडेपासष्ट आहे. ६५ च्या गटात तुम्ही आहात, म्हणून मला ६१ मध्ये बसायचंय. तीन आठवडे राहिलेत. तुम्ही पण मागच्या वर्षी असंच उतरवलं होतं ना?"

खोटं कशाला बोलू, उतरवलं होतं. पण पुढे काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याला सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगतो.

मागच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कुस्ती स्पर्धेच्या तीन दिवस आधी माझं वजन बरोबर ६५ किलो होतं. एका गटात एका कॉलेजचा एकच पैलवान. ६५ मध्ये आमचे एक सीनियर होते, ६१ मोकळा होता. मग काय, पाणी जवळजवळ बंद, जेवण अर्ध्याहून कमी, संध्याकाळी रेनकोट घालून पळायचं आणि रात्री च्युइंगगम चघळत बादलीत थुंकत बसायचं. शेवटच्या रात्री झोप नाहीच. सकाळी ८ ला काट्यावर उभा राहिलो, ६०.९! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी तेवढंच जिंकलो.

१० वाजता पहिली कुस्ती. पहिल्या तीन मिनिटांत मी ४-० ने पुढे होतो. मधल्या ३० सेकंदांच्या विश्रांतीत दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. ज्याला सरावात दोनदा चितपट केलं होतं, त्याच पोराने मला भारंदाजवर घेतलं आणि चित केलं. उठलो तर डोळ्यांपुढे अंधार. संध्याकाळी सलाईनच्या बाटलीतले थेंब मोजत पडलो होतो. रात्री घरी फोन केला. वडील तरुणपणी जत्रेच्या मैदानात लढलेले. ते एवढंच म्हणाले, "आम्ही खुराक मिळावा म्हणून मरायचो, आणि तू न खाता मरायला निघालास होय रे?"

त्यांचं बोलणं तेव्हा लागलं, पण त्यात मुद्दा होता. गावच्या मैदानात काटा नसतो. पंच आणि वस्ताद दोघांच्या अंगाकडे बघून जोड लावतात. तालमीतला सगळा भर दूध, तूप, बदामाची थंडाई यावर, म्हणजे अंग भरण्यावर. वजन 'उतरवणं' हे मॅट आणि काट्याबरोबर आलं. त्यामुळे त्याची परंपरा आपल्याकडे नाही, फक्त ऐकीव युक्त्या आहेत. म्हणून म्हटलं, आपण इंजिनिअर होणार आहोत, तर जरा हिशोब मांडून बघू.

उतरलं ते काय होतं?

तीन दिवसांत ४.१ किलो उतरलं. आता त्याचा ताळेबंद. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. मी रोज गरजेपेक्षा सुमारे १५०० कॅलरी कमी खाल्ल्या असं धरू. तीन दिवसांची तूट ४५००. ही सगळी तूट चरबीतून भरून निघाली असं मानलं तरी चरबी गेली जेमतेम ६०० ग्रॅम. मग उरलेले साडेतीन किलो कुठले?

एक, ग्लायकोजेन. स्नायू आणि यकृत मिळून आपण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण तोडलं की हा साठा रिकामा होऊ लागतो आणि त्याचं पाणीही जातं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात काटा झपाझप खाली येतो तो यामुळेच. दोन, पोटात आणि आतड्यात असलेलं अन्न. आणि तीन, सरळ सरळ घाम.

म्हणजे मी बाहेर टाकली ती चरबी नव्हतीच. कुस्तीच्या सहा मिनिटांत लागणारं इंधन आणि इंजिनातलं कूलंट मी काढून टाकलं होतं, आणि गाडी हलकी झाली म्हणून खूश होतो! शरीरातलं पाणी वजनाच्या २ टक्के घटलं तरी दमसास कमी व्हायला लागतो. रक्तातला द्रव कमी होतो, तेवढंच रक्त पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात.

"वजन झाल्यावर पाणी पिऊन घ्यायचं" असं सगळे सांगतात. मीही दोन तासांत दीड लिटर पाणी आणि चार केळी ढकलली होती. पण पोटात गेलेलं पाणी लगेच स्नायूत पोचत नाही. ग्लायकोजेनचा रिकामा साठा पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो. आठला वजन आणि दहाला कुस्ती, या हिशोबात तो दिवस बसवणार कुठे?

रेनकोटचं थर्मोडायनॅमिक्स

हा भाग त्या पोराला मी ग्राउंडवरच काडीने मातीत मांडून दाखवला. घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बाहेर नेते. रेनकोटच्या आत हवा दमट होते आणि वाफ होणं थांबत येतं. घाम वाहतो, काटा खाली जातो, उष्णता मात्र आतच.

आता ६५ किलोचा माणूस बऱ्यापैकी वेगाने पळतोय. त्याच्या शरीरात साधारण ६०० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे मिनिटाला ३६ किलोज्यूल. शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ३.५. ६५ गुणिले ३.५, म्हणजे तापमान एक अंशाने वाढायला २२८ किलोज्यूल पुरतात. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं तर दर सव्वासहा मिनिटांना एक अंश! ३७ वरून ४० वर जायला वीस मिनिटंही नकोत. प्रत्यक्षात रेनकोट इतका बंद नसतो, थोडी उष्णता जातेच, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण दिशा तीच. आणि ४० च्या पुढे उष्माघाताचा प्रदेश सुरू होतो.

हे नुसतं पेपरातलं गणित नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महिनाभराच्या आसपास कॉलेजचे तीन कुस्तीगीर असेच मेले. तिघेही वजन उतरवण्यासाठी गरम जागेत, वाफ बाहेर न सोडणारे सूट घालून व्यायाम करत होते. वयं १९, २१ आणि २२. म्हणजे आपल्याच वर्गातली पोरं म्हणा ना. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट, सॉना आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी आली, वजन स्पर्धेच्या अगदी जवळ घ्यायला लागले, आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट चालणार नाही असा नियम झाला. लघवीच्या गोळ्यांचं आणखी एक: त्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत. चाचणीत सापडलात तर वर्षं जातील.

शंभर ग्रॅम

विनेश फोगाटचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. एरवी ५३ किलोत खेळणारी विनेश २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलो गटात उतरली. ६ ऑगस्टला तिने टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिला हरवलं आणि तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. २०१८ पासून मोठ्या स्पर्धांत एक गट दोन दिवस चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं. कुस्त्यांच्या मधे खाल्लं-प्यायलं की वजन वाढणारच. रात्रभर व्यायाम झाला, केससुद्धा कापले. सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त! ती बाद झाली आणि नियमाप्रमाणे शेवटच्या क्रमांकावर गेली. १४ ऑगस्टला क्रीडा लवादाने अपीलही फेटाळलं. १०० ग्रॅम म्हणजे कॅन्टीनमधला एक कटिंग.

कुणी म्हणेल, त्याच ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावतने रात्रीत साडेचार किलोच्या वर उतरवून ५७ किलोत ब्राँझ घेतलंच की! घेतलं, आणि त्याच्या मागे डॉक्टर, प्रशिक्षकांची टीम रात्रभर जागी होती. पण तोच अमन २०२५ च्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता बाद झाला. इतक्या कसलेल्या पैलवानाचं शरीर दरवेळी ऐकत नाही, तर मेसवर जेवणाऱ्या आपलं काय ऐकणार?

मग करायचं काय?

पहिलं काम, गट आठ-दहा आठवडे आधी ठरवा. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम उतरतं. आठ आठवड्यांत साडेतीन किलो, आणि तेही बहुतेक चरबीतून. वजन रोज सकाळी उठल्यावर, एकाच काट्यावर करा आणि आठवड्याची सरासरी बघा. एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका, ते पाण्याचे चढउतार असतात.

दुसरं, तूट कुठून काढायची? भाकरी-पोळी तोडू नका. मेसच्या भाजीवरचा तवंग बघा. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी. वाटी तिरकी करून दोन चमचे तेल बाजूला काढलं तर २४० वाचल्या. दिवसाच्या चार चहांतली दोन-दोन चमचे साखर सोडली तर आणखी दीडशेच्या आसपास. संध्याकाळचा वडापाव सोडला की काम झालं. सबमिशनच्या रात्री मॅगीचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं!

तिसरं, प्रथिनं कमी पडू देऊ नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातो. सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे किमान १.६ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोला १०४ ग्रॅम. पावडरचे डबे न घेताही जमतं: ४ अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, सोयाबीनच्या ५० ग्रॅम वड्या २६, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १६, सहा पोळ्या १८ आणि मूठभर शेंगदाणे ७. बेरीज १०७. अंडी न खाणाऱ्यांनी पनीर किंवा दही वाढवावं.

चौथं, शेवटच्या दिवशी भाकरी, कच्ची कोशिंबीर, उसळ असं चोथ्याचं खाण्याऐवजी दहीभात, केळं, दूध असं हलकं खाल्लं तर आतड्यातलं ओझं अर्धा किलोच्या आसपास कमी भरतं. यात पाणी तोडावं लागत नाही. वजन झाल्यावर नुसतं पाणी पिऊ नका. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी थोडी थोडी घ्या.

ज्युदो आणि बॉक्सिंगच्या आमच्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. खाणं फार तोडल्याने पाळी चुकायला लागली तर "बरंच झालं" म्हणू नका. शरीर काटकसर करतंय असा त्याचा अर्थ असतो आणि त्याची किंमत हाडं मोजतात. लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि एक आठवण. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ५२ किलो गटात खेळले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी आणलं, ते ५७ किलो गटात. वरच्या गटात गेलं की हरतोच, असं काही नाही.

शेवटचा हिशोब

ग्राउंडवर त्या पोराचं गणित मांडलं. साडेपासष्टवरून ६१, म्हणजे साडेचार किलो. आठवड्याला दीड टक्का ही वरची मर्यादा धरली तरी तीन आठवड्यांत तीन किलोच्या आत. उरलेला दीड किलो पाण्यातूनच काढावा लागणार, म्हणजे माझी मागच्या वर्षीची कुस्ती पुन्हा. ६५ ला मात्र फक्त अर्धा किलो कमी करायचा, तो वडापाव सोडूनही होतो.

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "पण दादा, ६५ मध्ये तुम्ही आहात."

तोवर मलाही हे लक्षात आलेलं होतंच. खरं सांगतो, क्षणभर वाटलं की जाऊ दे त्याला ६१ मध्ये, आपली जागा पक्की. मागच्या वर्षी मला कुणी अडवलं नव्हतं, मी तरी का अडवावं? पण सलाईनची ती बाटली आठवली. त्याला म्हटलं, "मग माझ्याशी चाचणी लढ."

जिमखान्याच्या सरांना तसं सांगितलंय. पुढच्या सोमवारी चाचणी आहे. पोरगं ताकदीने माझ्यापेक्षा कमी नाही आणि हल्ली मेसमध्ये माझ्या शेजारी बसून वाटी तिरकी करून तेल काढतं. अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा ६५ किलोत कॉलेजकडून कोण गेला ते तुम्हाला कळलेलं असेल. जो जाईल तो पोटभर जेवून, पाणी पिऊन जाईल.

रेनकोट मी ट्रंकेत ठेवून कुलूप लावलंय. जूनमध्ये काढू.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)